मशीनला अंगठा का सापडत नाही?

मागच्या महिन्यातली गोष्ट. जळगावात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आली. रेशन दुकानात तीन खेपा मारून हात हलवत परतली होती. "ताई, मना अंगठाच लागत नही," म्हणाली आणि तिने हात पुढे केले. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, मध्येच चिरलेली, नखांच्या कडा लाल. पाच घरची धुणीभांडी करते ती. मशीनने तिला ओळखलंच नाही. खरं सांगू? मशीनचं सोडा, मीही ते हात त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिले. त्या पाच घरांत एक घर माझंही आहे.

अशा वेळी आपलं ठरलेलं उत्तर असतं, "थंडीने फुटले असतील गं, खोबरेल लाव." मीही तेच म्हणणार होते. पण बी.एस्सी. करणाऱ्या लेकीने मला ओट्याशी उभं करून वेगळंच समजावलं. मी बी.ए. झालेली, रसायनशास्त्राला घाबरणारी. मला कळलं, तर तुम्हालाही कळेल.

वॉशिंग पावडर किंवा भांड्यांच्या साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असते. शेपटीला तेल आवडतं, डोक्याला पाणी. भरताच्या कढईतल्या तेलात शेपट्या घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात आणि तेल सुटून वाहून जातं. या डोक्यावर विजेचा ऋण भार असतो. आता आपली कातडीही प्रथिनाचीच, केराटिनची. त्यावर काही जागी धन भार असतो, काही जागी ऋण. धन जागांकडे साबणाची डोकी ओढली जातात, शेपट्या प्रथिनाच्या तेलकट जागांना चिकटतात. घट्ट विणलेलं प्रथिन सैल होतं, फुगतं. कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं. नुसत्या पाण्याखाली हात धरले तरी थोडा साबण चिकटलेला राहतोच. हात वाळले की कातडी आकसते, चिरते. रोज पाच घरी हेच झालं, तर बोटावरच्या रेषा राहतील कशा?

त्यात भर सोड्याची. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा सामू ५ च्या आसपास. पावडरच्या पाण्याचा १० च्या जवळ. पाणी गरम असेल तर त्रास आणखी वाढतो. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडे बोअरचं जड पाणी. धुळ्याला माझी नणंद म्हणते, "फेसच येत नाही," आणि आणखी एक मूठ टाकते. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, पण ती जादा मूठ मात्र कुणाच्या तरी हातावर जाते.

हा भार वाईटच असतो असं नाही. केसांच्या कंडिशनरमधल्या रेणूंवर धन भार असतो, म्हणून ते केसांना धरून बसतात आणि केस मऊ लागतात. शाम्पू आणि कंडिशनर एकत्र कालवले तर दोघं एकमेकांनाच चिकटतात, काम कुणाचंच नीट होत नाही. जखम धुण्याच्या सेट्रिमाइडचंही तसंच. तेही धन भाराचं. आधीचा साबण नीट धुतला नाही, तर औषधाचा जोर कमी होतो. घरोघरी हे माहीत हवं.

कुणी म्हणेल, आमच्या आज्या राखेनं भांडी घासत, तेव्हा कुठे होतं असं? होतं की! राखेतही खार असतो, त्यांच्याही हातांना भेगा होत्या. फक्त त्यांचा अंगठा कुणी मशीनवर ठेवत नव्हतं.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. पावडर जशी घरमालकिणीने आणायची, तसे रबरी हातमोजेही तिनेच आणायचे. "दिले तरी त्या घालत नाहीत," हे मला ऐकवू नका. ढगळ मोज्यांतून ताट निसटतं, आत घाम येतो. तिच्या मापाचे आणा, आत पातळ सुती मोजा द्या, ताटं थोडी सावकाश घासली तर घाई करू नका. तेलकट कढई आधी कागदाने पुसा. पावडर मुठीने नको, चमच्याने मोजा. काम झाल्यावर तिला हात स्वच्छ पाण्याने धुऊ द्या आणि ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायला द्या. खाज, पाणी सुटणं थांबत नसेल तर ते इसब असू शकतं. डॉक्टरांकडे न्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.

आणि रेशनचं. अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची सूचना २०१७ पासून आहे. हे तिला सांगा, गरज पडली तर तिच्यासोबत दुकानापर्यंत जा. मी गेले होते. धान्य मिळालं.

दिवाळीला आपण तिला साडी देतो, चांगलंच आहे. पण ती साडी नेसताना भेगांत धागे अडकतात, हे तिनेच मला सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या मोरीत हातमोज्यांचे दोन जोड टांगलेले आहेत. एक तिचा, एक माझा.