हातमोजा आणि डरकाळी

1954 साली जपानच्या तोहो स्टुडिओपुढे एक साधा प्रश्न होता. पडद्यावर पन्नास मीटर उंचीचा प्राणी येणार. तो ओरडेल कसा? प्राण्यांचे आवाज लावून पाहिले. एकही जमेना. उपाय सुचवला संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी. डबल बासची तार सैल केली, राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने ती ओढून घासली, आणि मुद्रित झालेला आवाज फितीचा वेग उतरवून खर्जात नेला. गॉडझिलाची डरकाळी ती हीच.

हा हातमोजा दुर्लक्षून चालणार नाही. चित्र पुरे झाले की शेवटी बोलवायचा माणूस म्हणजे संगीतकार, अशी समजूत सिनेमाच्या धंद्यात पक्की आहे. दृश्य दिग्दर्शकाचे, संगीत वरून घातलेले. इथे संगीतकाराने पात्राचा कंठच घडवला. दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या त्सुबुराया यांनी त्या प्राण्याला देह दिला, दिग्दर्शक होंडा यांनी गोष्ट पडद्यावर आणली. पण रबरी पोशाखातल्या नटाला पाहून प्रेक्षक घाबरतो, तो आधी कानाने.

असल्या सिनेमाला हात लावू नका, असे इफुकुबे यांना सांगणारे होतेच. राक्षसपटाने नाव खराब होते म्हणे. नाव तर होते. होक्काइदोत वनखात्यात नोकरी करणाऱ्या या तरुणाच्या रचनेला 1935 मध्ये चेरेपनिन पारितोषिक मिळाले होते. पुढे तोक्योत मायुझुमी आणि आकुतागावा यांच्यासारखे संगीतकार त्यांच्या हाताखाली शिकले. तरी त्यांनी काम घेतले, आणि मन लावून केले.

त्यांच्यासाठी ही पोरांची गोष्ट नव्हतीच. युद्धकाळात लाकडाच्या संशोधनात ते पुरेशा संरक्षणाविना क्ष-किरणांसोबत काम करत होते. युद्ध संपता संपता ते अंथरुणाला खिळले. थोरले भाऊ इसाओ चमकणाऱ्या रंगांवर संशोधन करत. किरणोत्सर्गाने 1942 मध्येच त्यांचा बळी घेतला होता. गॉडझिला जागा होतो तो हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी. अशाच एका चाचणीत बिकिनी बेटाजवळ जपानी मच्छीमार अणुराखेने भाजले ते त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. चित्रपट नोव्हेंबरमध्ये लागला.

म्हणून त्यातली दुसरी जागाही ऐकावी. आपल्या हातातले भयंकर अस्त्र वापरायला चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा तयार नसतात. जवळची माणसे विनवतात, ते ऐकत नाहीत. मग दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलींचा समूह शांततेची प्रार्थना गातो, आणि त्यांचा नकार गळून पडतो. ही प्रार्थनाही इफुकुबे यांचीच. ज्याने डरकाळी घडवली, त्यानेच तिचे उत्तरही लिहिले. कथेचा निर्णायक क्षण पटकथेने संगीताच्या हवाली केला आहे. याला पार्श्वसंगीत कोणत्या तोंडाने म्हणायचे?

त्यानंतर गॉडझिलाचे रूप कितीदा तरी बदलले. रबर गेले, संगणक आला. 2016 च्या चित्रपटात इफुकुबे यांची जुनी ध्वनिमुद्रणेच वापरली गेली. 2023 च्या ‘गॉडझिला मायनस वन’चे संगीतकार नाओकी सातो स्वतः नावाजलेले, ‘र्योमादेन’ या गाजलेल्या मालिकेचे संगीत त्यांचे. त्यांच्या संगीताच्या जोडीने, ऐन मोक्यावर धून वाजते ती इफुकुबे यांचीच. 2024 मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, दृश्यपरिणामांसाठी. ते दृश्यपरिणाम करणाऱ्यांनी कमावलेच. पण दर पिढीत नव्याने करावे लागते ते चित्र. सत्तर वर्षांनंतरही बदलावीशी न वाटलेली गोष्ट ध्वनीची आहे.

इफुकुबे यांनी मात्र मैफलीचे संगीत आणि सिनेमाचे संगीत अशी प्रतवारी मानली नाही. आपल्या चित्रपटांतल्या धुनी एकत्र गुंफून 1983 मध्ये त्यांनी वाद्यवृंदासाठी तीन ‘सिंफोनिक फँटासिया’ सादर केल्या. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, तोक्योतल्या एका संगीत महाविद्यालयाचे प्रमुख होते. पहिल्या फँटासियाची सुरुवात त्यांनी गॉडझिलाच्या स्वरांनी केली.