खचलेल्या पोराला शाळेत कोण विचारणार?

आज 26 जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. त्यांनी बांधायला घेतलेल्या धरणाच्या या राधानगरीत आज शाळाशाळांतून पोरे भाषणे करतील. धरण, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण हे सारे त्यांत येईल. सहसा येत नाही ते महाराजांचे बालपण. आई गेली तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. 1884 साली, दहाव्या वर्षी, दत्तक होऊन ते कोल्हापूरच्या गादीवर आले आणि दोन वर्षांत जन्मदाते वडीलही गेले. पुढे फ्रेझर यांच्यासारखे गुरू लाभले. पोरके झालेले मूल उभे राहिले ते अशा माणसांच्या आधाराने. 1901पासून महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली, त्यामागे या अनुभवाचाही वाटा असावा, असे आम्हाला वाटते.

आज आपल्या पोरांना असा आधार आहे का? शिष्यवृत्ती परीक्षेत कोल्हापूर जिल्ह्याचा दबदबा आहे आणि त्यामागे गुरुजींचे कष्ट आहेत, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फलक चौकात लागतात, तेव्हा थोडक्यात हुकलेले दहा-अकरा वर्षांचे पोर त्याच चौकातून शाळेला जाते. त्याच्याशी त्या आठवड्यात कोण बोलते? घरचे कामाच्या शोधात पुणे-मुंबईला गेल्याने आजीजवळ राहणारी मुलगी वर्गात अचानक गप्प झाली, तर ते कोणाच्या ध्यानात येते? 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. सूचना चांगल्याच आहेत. पण वाड्या-वस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळांचा पट शंभराच्या जवळपासही जात नाही आणि दाजीपूरकडच्या पालकाने तज्ज्ञ शोधायचा तो कोल्हापुरात. पावसाळ्यात त्या वाटेने मुलाला घेऊन कोण जाणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पूर्णवेळ समुपदेशक नेमा आणि शाळांच्या केंद्रांनिहाय त्यांचे दिवस ठरवून द्या. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत अध्ययन निष्पत्तीइतकाच वेळ, खचलेले मूल कसे ओळखावे आणि त्याचे कसे ऐकून घ्यावे, यालाही द्या. त्यासाठी गुरुजींच्या डोक्यावरचे माहिती भरण्याचे ओझे आधी उतरवा. ज्याला स्वतःला श्वास घ्यायला फुरसत नाही, तो मुलाचे काय ऐकणार? वर्षातून एकदा पाहुणा बोलावून ‘खंबीर बना’ असे व्याख्यान ठेवले म्हणजे मुले खंबीर होत नाहीत. नापास झालो तरी बाई आपल्याला जवळ घेतील, ही खात्री रोजच्या वागण्यातूनच येते.

नेमणुका होतील तेव्हा होतील. शाळा व्यवस्थापन समित्यांनी एक काम याच आठवड्यात करावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. तिचा 14416 हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या आणि पालक सभेत तो कशासाठी आहे, हे समजावून सांगा.