खरेदीखतात नसलेली रेषा

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीतले इंद्रायणीकाठचे ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही मालकांना दिलासा मिळाला नव्हता. बंगले निळ्या पूररेषेच्या आत होते. ते पाडायलाच हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही आयुष्यभराची पुंजी घातलेल्या त्या माणसांची रडारड पाहवत नव्हती. जमिनीच्या व्यवहारापासून छतापर्यंत किती टेबलांवरून कागद फिरतात! पूररेषेचा विषय मात्र निघाला तो घरं उभी राहिल्यावर.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध: तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, स्मशानभूमी चालते, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. नियम वाचताना वाटतं, आता काय बिघडणार?

मध्यंतरी एका परिचितांनी नदीकाठच्या दीड गुंठ्याचं खरेदीखत मला वाचायला दिलं. चतुःसीमा व्यवस्थित लिहिलेली: पूर्वेस नऊ मीटर रस्ता, दक्षिणेस शेजारचा प्लॉट, पश्चिमेस नदी. मुद्रांक भरलेला, शिक्के जागच्या जागी. सातबारा जोडलेला, त्यावर विहिरीची आणि बोजाची नोंद. पूररेषेचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. नदी हीच ज्या जमिनीची हद्द आहे, तिथे पुराचं पाणी कुठवर येतं हे विकत घेणाऱ्याला सांगण्याची सक्ती कुणावरच नसावी, याचा मला फार संताप येतो.

पुण्यात मुठेचा हिशेब तर आकड्यांत मांडलेला आहे. खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक सोडले की पाणी निळ्या रेषेपर्यंत, एक लाखाला लाल रेषेपर्यंत. २५ जुलै २०२४ ला विसर्ग सुमारे ३५ हजारांवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. म्हणजे निळ्या रेषेच्या विसर्गाच्या निम्म्याहून थोड्याच जास्तीवर. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरचे फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरं चिखलात गेली. पानशेतच्या पुराचा अनुभव असलेल्या शहरात हे घडलं.

यामागे घरांची जागा आहे, तसाच भरावही आहे. रात्री डंपर येतो, राडारोडा काठावर ओततो. महिन्याभरात तिथे सपाट मैदान होतं, वर्षभरात पत्र्याचं कुंपण. पात्र तेवढं अरुंद होतं आणि तेच पाणी आता समोरच्या काठावरच्या वस्तीत चढतं. डंपरवाल्याला झालाच तर दंड होतो. ओतलेला ढीग पुन्हा उचलून नेल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पूररेषा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवताना ती दिसू द्या, विकणाऱ्याकडून तिच्याबद्दल लेखी घ्या. दर शंभर मीटरवर निळे-लाल रंगवलेले दगड जमिनीत पुरा, म्हणजे प्लॉट बघायला रविवारी सहकुटुंब आलेल्या माणसाला ते दिसतील. आणि भराव टाकणाऱ्याकडूनच तो उचलून घ्या, त्याच्या खर्चाने.

हे होईपर्यंत नदीकाठी जागा घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: विसार देण्याआधी गट नंबर घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जा, विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा बघा. पाटबंधारे खात्याकडून त्या गटाबद्दल लेखी उत्तर मागा. विकणारा घाई करत असेल, तर उत्तर हातात येईपर्यंत व्यवहार थांबवा.