तीस रुग्णांचा अभ्यास आणि आपले दावे

औषधनिर्मात्यांचे प्रतिनिधी चिकित्सालयात येताना अलीकडे नमुन्याच्या गोळ्यांसोबत एखाद्या शोधनिबंधाची प्रतही आणतात. ही प्रथा स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील अनेक निबंध वीस-तीस रुग्णांवरील अभ्यासाचे असतात आणि निष्कर्ष मात्र व्याधी जिंकल्याच्या थाटात मांडलेले असतात. अभ्यास लहान असणे हा दोष नव्हे. लहान अभ्यासाचा अहवाल मोठ्या अभ्यासाच्या भाषेत लिहिणे, ही आमच्या मते आयुर्वेदीय संशोधनलेखनातील घातक सवय आहे.

पथदर्शी चाचणी, जिला आपण बोलण्यात पायलट स्टडी म्हणतो, ती औषधाची गुणकारिता सिद्ध करण्यासाठी नसतेच. मोठी चाचणी करता येईल काय, एवढेच तिने पाहावयाचे असते. रुग्ण मिळतात काय, संमती देतात काय, काढा तीन महिने नेमाने घेतात की पंधरवड्यात सोडतात, प्लासिबो म्हणून दिलेले द्रव्य रस-गंधावरून ओळखू येते काय, हे तिचे खरे प्रश्न.

या दृष्टीने कोइमतूर येथे झालेल्या एका चाचणीचा अहवाल प्रत्येक वैद्याने वाचावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने झालेली ही चाचणी डॉ. डॅनियल फर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे (आपण ज्याची आमवाताशी सांगड घालतो तो व्याधी) ४३ रुग्ण तीन गटांत विभागले गेले : मेथोट्रेक्सेट १४, आयुर्वेद १२ आणि दोन्ही एकत्र १७. कोणास काय मिळते हे रुग्णास ठाऊक नव्हते, वैद्यासही नव्हते. तरीही आयुर्वेदीय औषधयोजना रुग्णागणिक वेगळी होती. ३६ आठवड्यांअंती किमान २० टक्के सुधारणेचा निकष मेथोट्रेक्सेट गटात ८६, आयुर्वेद गटात १०० आणि एकत्रित गटात ८२ टक्के रुग्णांनी गाठला.

शंभर टक्के! हा आकडा माहितीपत्रकावर छापण्यास किती मोहक आहे, हे सांगावयास नको. पण तो बारा जणांच्या गटाचा आहे. बारापैकी एकही अपयशी न ठरल्यास, तीनास बाराने भागण्याच्या ढोबळ नियमानुसार, खरे अपयश २५ टक्क्यांपर्यंतही असू शकते. शिवाय व्याधीच्या तीव्रतेचा गुणांक आयुर्वेद गटात १.७ ने घटला, तर उरलेल्या दोन्ही गटांत २.४ ने. हा आकडा कोणी छापणार नाही. उपद्रवांच्या नोंदी अनुक्रमे १७४, ११२ व १७६ होत्या. गटांतील माणसांनी भागल्यास माणशी १२.४, ९.३ व १०.४ असे गुणोत्तर येते, म्हणजे दिसत होती तेवढी तफावत उरत नाही. तिन्ही गटांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, हे खरे. तथापि एवढ्या लहान गटांत फरक न आढळणे म्हणजे उपचार समान असणे नव्हे.

संशोधकांनी हे सारे पथदर्शी चाचणीच्या मर्यादेतच मांडले आणि मोठ्या अभ्यासाची गरज सांगितली. त्यांचे खरे यश निराळेच आहे. प्रकृतीनुसार बदलणारी चिकित्सा आधुनिक चाचणीच्या चौकटीत बसत नाही, असे आपल्यातील अनेक ज्येष्ठ सांगत आले. ती बसविता येते, हे येथे दिसले. वैद्यवर्गाने अभिमान बाळगावा तो याचा.

आपल्या निबंधांतून नेमके हेच गाळले जाते. किती रुग्णांना विचारले, किती जणांनी नकार दिला, मध्येच कोण सोडून गेले आणि का, याचा पत्ता नसतो. ‘पी’चे मूल्य मात्र ठळक अक्षरांत असते. यादृच्छिक पथदर्शी चाचण्यांच्या अहवालासाठी कन्सॉर्ट गटाची २६ कलमी सूची २०१६ पासून उपलब्ध आहे. शीर्षकातच ‘पथदर्शी’ म्हणावे, रुग्णसंख्या तेवढीच का घेतली ते सांगावे आणि मोठ्या चाचणीकडे जावे की नाही हे कोणत्या निकषाने ठरविणार ते लिहावे, असे ती सांगते. यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाही.

औषधालयाच्या मालकांना यात विशेष स्वारस्य असावे. वनौषधींच्या चाचण्यांसाठी २००६ मध्येच स्वतंत्र सूची निघाली असून तीत द्रव्याचे अचूक वर्णन मागितले आहे. अश्वगंधेचे मूळ घेतले की पान, गुग्गुळ त्रिफळेच्या काढ्यात शोधला की गोमूत्रात, हे निबंधात नसेल तर त्याचा निष्कर्ष आपल्या कारखान्यातील मालास लागू करावयाचा कोणत्या आधारे?

आमची सूचना साधी आहे. या त्रैमासिकाने पथदर्शी अभ्यास जरूर छापावेत, पण शीर्षकात तसा उल्लेख आणि रुग्णांच्या गळतीचा तक्ता असल्याखेरीज नव्हे. २००७ पासून भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणीपट सर्वांसाठी खुला आहे. माहितीपत्रकावर चाचणीचा नोंदणी क्रमांक छापण्याचे औषधनिर्मात्यांनी स्वतःहून मान्य केल्यास, आरंभी काय तपासावयाचे ठरले होते आणि शेवटी काय छापले गेले, हे कोणाही वैद्यास ताडून पाहता येईल.