सांगणारा कोण?

दरवर्षी जुलै महिना लागला, की लोकव्यवहाराविषयी लिहिणाऱ्या माणसाला राईनपाड्याची आठवण टाळता येत नाही, आणि ती टाळता येऊ नये असेच मला वाटते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या आदिवासी गावी १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूने पोटासाठी खानदेशात उतरलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. आणि ते कोठे आडरानात नव्हे, तर ज्या जागी गावाचा कारभार चालतो, जन्ममृत्यूच्या नोंदी होतात, त्या ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मारणारांचे आणि मरणारांचे कसलेही वैर नव्हते. बांधावरचा तंटा, भाऊबंदकी, देणेघेणे, जुना सूड, अशा ज्या कारणांनी आपली फौजदारी दप्तरे भरलेली असतात, त्यांपैकी एकही कारण येथे नव्हते. होता तो केवळ एक मजकूर, जो त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होता: मुले चोरणाऱ्या टोळ्या परिसरात आल्या आहेत, सावध राहा.

अशा मजकुराचा मूळ लेखक सहसा सापडत नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा उगम मात्र पुढे उघडकीस आला, आणि तो कळल्यावर मनुष्य अधिकच विषण्ण होतो. ती कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी आईबापांना जागे करावे म्हणून तेथील एका संस्थेसाठी ती मुद्दाम तयार केलेली होती: मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, आणि क्षणभराने परत येऊन, त्याला सुखरूप खाली उतरवून, इशाऱ्याचा फलक प्रेक्षकांपुढे धरतात. कोणीतरी तो फलक आणि ते परत येणे कापून टाकले. मग लेकरांच्या रक्षणासाठी केलेल्या त्याच कृतीचे, निरपराध माणसांच्या जिवावर उठणारे साधन झाले. कापणारा एक असेल, फार तर दोघे असतील. परंतु ती पुढे धाडणारे लक्षावधी होते, आणि त्यांतील बहुतेक सर्व जण भली माणसे होती, ज्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांची खरोखरच काळजी वाटत होती.

समाजमाध्यमांनी माणसामाणसांतील वर्तन बिघडविले, असे म्हणताना आपण बहुधा शिवीगाळीचा विचार करतो. अनोळखी लोक एकमेकांना कसे घालूनपाडून बोलतात, स्त्रियांना काय काय ऐकून घ्यावे लागते, मतभेद झाला की जिव्हा किती सैल सुटते, याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या खऱ्या आहेत आणि लज्जास्पदही आहेत. तथापि माझ्या मते याहून खोल जखम निराळ्या ठिकाणी झाली आहे. दुसऱ्याविषयीचा शब्द आपल्या मुखातून निघाला, की त्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते, ही जी सामाजिक व्यवहाराची मूळ अट आहे, तीच या माध्यमांनी शिथिल केली. पुढे पाठविणाऱ्याला आपण बोललो असे वाटतच नाही. त्याला हटकले तर तो प्रामाणिकपणे सांगतो, की ‘मी काही लिहिले नाही, आले तसे पाठविले.’ आणि त्याच्यापाशी ते ज्याच्याकडून आले, त्याचेही म्हणणे हेच असते. अशा रीतीने हजारो मुखांतून गेलेला तो शब्द अखेरीस कोणाचाच उरत नाही. त्याने मेलेला माणूस मात्र मेलेलाच राहतो.

पूर्वी अफवा नव्हत्या, असे मला म्हणावयाचे नाही. १८९६ च्या ऑक्टोबरात, मुंबईत प्लेगचा फैलाव झाला असता, रुग्णालयात नेलेल्या माणसांचे तेथे भलतेच काही करतात अशी वार्ता पसरून, गिरणीतील कामकऱ्यांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढविला होता. आणि तेव्हा तर कोणाच्या हातात साधा दूरध्वनीही नव्हता. भय हे माणसाइतकेच जुने आहे. परंतु तोंडोतोंडी फिरणाऱ्या वार्तेला एक चेहरा असे. ती सांगणारा ओसरीवर येऊन बसे, त्याची घरची माणसे परिचित असत, तो कितपत बढाईखोर आहे आणि कितपत विचारी, हे ऐकणाराला ठाऊक असे, आणि ‘तुला हे कोणी सांगितले?’ असा प्रश्न विचारताच निदान दोनचार पावले तरी मागे जाऊन शहानिशा करता येई. आता अनोळखी मजकूर ओळखीच्या माणसाच्या नावाखाली येतो. मामांनी पाठविले आहे, जुन्या शिक्षकांनी पाठविले आहे, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. वस्तुतः मामांनी त्याची खातरजमा केलेली नसते, त्यांनीही तो आणखी कोणाच्या आदरापोटीच खरा मानलेला असतो. नात्यांत साठलेला विश्वास असा भलत्याच्या नावे खर्ची पडतो, आणि ज्याचा विश्वास खर्ची पडतो त्याला त्याची वर्दीही नसते.

हे केवळ वाचकांच्या भोळेपणामुळे घडते असे समजणे अन्यायाचे होईल. यंत्राची रचनाच तशी आहे. दुसऱ्याचा मजकूर एका स्पर्शाने आपल्या सर्व अनुयायांपुढे ठेवण्याचे बटण ट्विटरने २००९ साली दिले. त्यापूर्वी तो मजकूर उतरवून, मूळ लेखकाचे नाव जोडून, स्वतः पुन्हा लिहावा लागे, आणि त्या अल्पशा श्रमात विचाराला थोडी जागा मिळे. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवरील बातम्यांचा जो विस्तृत अभ्यास २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले, की खोटी बातमी पुढे धाडली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सुमारे ७० टक्के अधिक असते, आणि हा वेग स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, तर हाडामांसाच्या माणसांमुळे येतो. खोट्यात नावीन्य असते, आश्चर्य असते, आणि आश्चर्य एकट्याने जवळ ठेवणे माणसाला कठीण जाते.

त्या २०१८ च्या जूनजुलैत एकामागून एक जे घडले, ते आज सलग वाचवत नाही. आसामात कार्बी आंगलाँग जिल्ह्यात फिरावयास गेलेले दोन तरुण मारले गेले. कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या अगदी कुशीत, हैदराबादहून आलेल्या मंडळींपैकी कोणी शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली, एवढ्यावरून संशय उठला. ते मोटारीतून निसटले, पण त्यांची चित्रे त्यांच्याआधी पुढच्या गावी पोहोचली होती, तेथे रस्ता अडविला गेला, आणि एक तरुण संगणक अभियंता प्राणास मुकला. त्रिपुरातील घटना तर माझ्या मनातून कधीच जात नाही. या अफवा खोट्या आहेत, त्यांवर विश्वास ठेवू नका, असे ध्वनिक्षेपकावरून गावोगाव सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मुले पळविणारा ठरवून ठार केले. आपल्याकडे दवंडी पिटणाऱ्याच्या आवाजामागे सबंध गावाचा अधिकार उभा असे. येथे सरकारने पाठविलेला, समोर उभा राहून बोलणारा जिवंत माणूस खोटा ठरला, आणि निनावी मजकूर खरा ठरला.

राईनपाड्याकडे पुन्हा वळावयाचे, ते आणखी एका कारणासाठी. डवरी गोसावी, वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला, बहुरूपी ही माणसे महाराष्ट्राच्या खेड्यांना अनोळखी असूनही परकी नव्हती. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणी विचारीत नसे, पण त्याचा डमरू ओळखीचा असे, त्याच्या झोळीत सुपातले धान्य पडे, आणि मुले त्याच्या मागे आळीच्या टोकापर्यंत धावत जात. नव्या गावी पाल पडले, की चावडीवर किंवा पोलीस पाटलाकडे वर्दी देण्याची रीत होती, आणि एकदा ती दिली, की मुक्कामाला गावाची मूक संमती मिळे. हे चित्र मी सोज्ज्वळ करून मांडू इच्छीत नाही. भटक्यांकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, स्वतंत्र भारताने त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या बंधनातून मुक्त केले, परंतु चोरी झाली की प्रथम त्यांच्या पालांकडे जाण्याची पोलिसांची आणि गावकऱ्यांचीही वहिवाट मोडली नाही. फोनने हा संशय निर्माण केला नाही. त्याने त्याला वेग दिला, आणि तो शमविण्यासाठी समाजाने जी मंद, कंटाळवाणी पण उपयुक्त व्यवस्था घडविली होती, म्हणजे थांबणे, विचारणे, पाटलाला बोलावणे, दाखला पाहणे, तिला वावच ठेवला नाही. आज पायी हिंडणाऱ्या गरिबाकडे आपण आधार कार्ड मागतो, त्याच्या गावच्या सरपंचाचा दाखला मागतो. मजकुराकडे मात्र कसलाही दाखला मागत नाही.

यास कोणी उत्तर देईल, की याच माध्यमांनी प्राणही वाचविले आहेत, आणि ते मला मान्य आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूर वेढली गेली, तेव्हा कोठे बोट हवी, कोठे औषध हवे, हे याच मार्गाने कळत होते. २०२१ च्या साथीत प्राणवायूसाठी, खाटेसाठी झुरणाऱ्या कुटुंबांना अनोळखी लोकांनी रात्ररात्र जागून मदत केली, तीही येथूनच. मात्र त्या वेळी ज्यांचे संदेश उपयोगी पडले, ते कोण होते? ज्यांनी दूरध्वनी करून खाट खरोखर रिकामी आहे की नाही याची रुजुवात घेतली, आणि वेळ घालून, स्वतःच्या नावानिशी ते लिहिले, तेच. ज्यांनी केवळ आलेले पुढे लोटले, त्यांच्यापायी मृत्यूच्या दारातील माणसांचे नातलग बंद पडलेल्या क्रमांकांवर तासन्‌तास धडपडत राहिले.

उपाय सर्वथा अशक्य आहे, असेही नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरते असे ठरविले, की एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येऊ नये. २०२० च्या एप्रिलात, अनेक हातांतून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे बंधन घातले, आणि अशा मजकुरांचा प्रवाह ७० टक्क्यांनी उतरल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले. एवढ्याशा अडथळ्याने एवढा फरक पडत असेल, तर तो पाच माणसे मरण्यापूर्वी का घातला नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या पाचांच्या मुलाबाळांना आहे. शासनाच्या दंडुक्यावर माझा तितका भरवसा नाही. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या अभिप्रायावरून अटक झाली होती, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या ६६अ कलमाच्या गैरवापराचे ते प्रकरण उदाहरण ठरले, ते कलम सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली रद्द करावे लागले. सभासदाच्या मजकुराबद्दल समूह चालविणाऱ्याला, समान हेतू सिद्ध झाल्यावाचून, गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले, आणि ते योग्यच आहे.

पण कायद्याने न येणारी जबाबदारी मनुष्याला स्वतःहून घेता येते. २०२२ च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा गावी पंढरपूरच्या वाटेवरील चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते वाचले, राईनपाड्याला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. म्हणून गावातील, गृहरचना संस्थेतील, भावकीतील जे जे लोक असे समूह चालवितात, त्यांना माझी विनंती आहे, की अनोळखी माणसांविषयीचा कोणताही मजकूर आला, तर पाठविणाऱ्याला तेथेच, सर्वांसमक्ष, आदराने विचारावे: हे आपण पाहिले काय, आणि नसेल तर आपणास कोणी सांगितले? तो वयाने मोठा असेल, मानाचा असेल, त्याला वाईट वाटेल, तरीही विचारावे. उत्तर येईपर्यंत तो मजकूर काढून ठेवावा, आणि बाजारात कोणी नवखा दिसला, तर फोन उचलण्याआधी त्याच्याजवळ जाऊन त्याचे गाव विचारावे.