बालेरच्या चर्चचा मान कोणाचा?

फिलिपिन्समधल्या बालेर गावच्या चर्चची कथा स्पेनमध्ये अभिमानाने सांगतात. पन्नासेक स्पॅनिश सैनिक फिलिपिनोंच्या वेढ्यात त्या चर्चमध्ये 337 दिवस तग धरून राहिले, 2 जून 1899 रोजी उरलेले 33 जण बाहेर आले आणि बुडत्या साम्राज्याची अब्रू राहिली. 1945 साली त्यावर चित्रपटही निघाला. सैनिकांच्या धैर्याबद्दल माझे दुमत नाही, पण त्या धैर्याचा लावलेला अर्थ मला मान्य नाही.

म्हणतात, स्पेनचे अमेरिकेशी चाललेले युद्ध संपल्याचे त्यांना कळलेच नाही. सुरुवातीला हे पटते. 1897 साली याच गावातल्या स्पॅनिश तुकडीवर हल्ला झाला होता, तेव्हा प्रत्येक निरोपात डाव दिसणे साहजिक होते. पण 10 डिसेंबर 1898 च्या पॅरिस तहाने दोन कोटी डॉलरच्या बदल्यात ही बेटे अमेरिकेकडे गेली. त्यानंतर पत्रे आली, वृत्तपत्रे आली, मे महिन्यात स्पॅनिश लेफ्टनंट कर्नल आगिलार स्वतः चर्चच्या दारापर्यंत आले. आतल्या सैनिकांची सूत्रे तेव्हा हाती असलेल्या लेफ्टनंट मार्तिन सेरेझोने कोणाचेच खरे मानले नाही. 1 जूनला त्याने पळून जाण्याच्या आरोपावरून कैदेत ठेवलेल्या दोन सैनिकांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आगिलारांनी ठेवलेल्या वृत्तपत्रात त्याला एका ओळखीच्या अधिकाऱ्याच्या बदलीची बातमी दिसली. अशी बातमी शत्रू रचू शकणार नाही, हे त्याला तेव्हा पटले. वृत्तपत्रे आधीच आत पडून होती! एक दिवस आधी नीट वाचली असती, तर ते दोघे वाचले असते. याला शौर्याचा मुलामा देणे मला अन्याय्य वाटते.

चर्चने त्यांना तारले, हेही अर्धेच खरे. जाड भिंतींनी गोळ्या अडवल्या, आवारात खणलेल्या विहिरीने पाणी दिले. पण बहुतेक बळी रोगांनी घेतले, त्यातही बेरीबेरीने. गावचा पाद्री गेला, मग लेफ्टनंट आलोन्सो, मग कप्तान दे लास मोरेनास. मेलेल्यांना चर्चमध्येच पुरावे लागले. डिसेंबरमध्ये सैनिकांनी बाहेर धाड घातली, भोपळे आणि हिरवा पाला आणला, तेव्हा कुठे आजार हटू लागला. त्याच धाडीत त्यांनी आसपासची घरे पेटवली. प्रार्थनेची जागा आधीच हिरावली गेलेल्या बालेरकरांची ही घरे होती, आणि गौरवगाथेत त्यांना ओळभरही जागा नाही.

मग बालेरमध्ये गौरवावे असे काय आहे? माझ्या मते, वेढा घालणाऱ्यांचे वागणे. फिलिपिनो तेव्हा अमेरिकेशी नव्या युद्धात गुंतले होते; सूड घ्यायला कारणेही होती आणि संधीही. तरीही शरण आलेल्यांना त्यांनी युद्धकैदी केले नाही. 30 जून 1899 रोजी त्यांचे नेते एमिलिओ आगिनाल्दोंनी फर्मान काढले : यांना कैदी न मानता मित्र मानावे आणि मायदेशी जाण्यासाठी परवाने द्यावेत. फिलिपिन्सने 2003 साली कायदा करून स्पेनशी मैत्रीचा दिवस ठरवला, तो हाच 30 जून. वेढ्याचा शेवटचा दिवस न निवडता फर्मानाचा दिवस निवडला, हे अगदी योग्य झाले.