आहेराची वही
राइट टाउनमधल्या ओळखीच्या घरी या आठवड्यात माळा उपसून लग्नपत्रिका शोधणं चाललं होतं. लेक पुण्याहून कायमची माहेरी आलीय. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३ सालच्या दुरुस्तीमुळे बायकोला ती राहते तिथे, म्हणजे इथे जबलपूरलाच, घटस्फोटाचा अर्ज करता येतो. वकिलांनी पत्रिका, फोटो आणि दागिन्यांची यादी मागितली. पत्रिका गठ्ठ्यानं निघाल्या. यादीवरून मात्र आई आणि मावशीचं पाटल्या कुणी घातल्या यावर चांगलंच वाजलं. वास्तविक हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याच्या नावासकट, लग्नाच्या वेळीच करून दोघांनी त्यावर सह्या करायच्या असतात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही स्त्रीधन पूर्णपणे बायकोचंच, असं बजावलं. आपण काय करतो? आहेराच्या वहीत कुणी १०१ रुपये घातले ते चोख उतरवतो, कारण ते फेडायचे असतात. तोळ्यांचा हिशेब मात्र विश्वासावर. माझं ऐका, मंगलाष्टकं आटोपली की जेवणाच्या पंगतीआधी यादी करा. अपशकुन म्हणून नाक मुरडणाऱ्या आत्याबाईंची सही साक्षीदार म्हणून घ्या.